तात्या जोग : होळकरांच्या दिवाणाविषयीचे काही गैरसमज

इंदूर जिल्ह्यातील देपालपूर तहसिलीत वसलेले गौतमपुरा हे गाव अहिल्याबाई होळकरांनी वसवले, आणि इंदूर ही होळकरांची अगदी आरंभापासूनची राजधानी, अशा दोन समजुती माळव्यातील मराठी घरांतूनही सर्रास ऐकू येतात. प्रत्यक्षात गौतमपुरा हे नाव अहिल्याबाईंच्या सासूबाई, म्हणजे सुभेदार मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांचे आहे, आणि गावाच्या स्थापनेचे श्रेयही त्यांच्याकडेच जाते. अहिल्याबाईंनी कारभार केला तो महेश्वराहून, यशवंतराव होळकरांचा अखेरचा काळ गेला तो भानपुऱ्यात, आणि दरबार कायमचा इंदुरात आला तो 1818 साली. या स्थलांतराच्या काळात राज्याची सूत्रे ज्यांच्या हाती होती, ते विठ्ठल महादेव किबे, ऊर्फ तात्या जोग, आज बहुधा एका तहावरील सहीपुरतेच स्मरणात उरले आहेत. तात्या जोग आणि किबे हे दोन वेगळे गृहस्थ होते असे मानणारे वाचकही भेटतात. ते एकच होत.

त्यांना ‘माजी पंतप्रधान’ म्हणणे कितपत योग्य, हाही प्रश्न आहे. इंदूर संस्थानात पंतप्रधान हे पदनाम विसाव्या शतकात रूढ झाले, आणि 1926 ते 1939 या काळात त्या पदावर असलेले सिरेमल बापना हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. तात्यांच्या काळचा शब्द दिवाण किंवा कारभारी असा होता. वसुली, फौजेचा पगार, वकिलांमार्फत चालणारा परराज्यांशी व्यवहार आणि अल्पवयीन राजाच्या नावाने घ्यावयाचे निर्णय, हे सारे त्याच एका पदात सामावलेले असे. अधिकाराच्या दृष्टीने पाहिले तर नंतरच्या पंतप्रधानांपेक्षा हे पद काकणभर जडच होते.

सर्वांत चिवट गैरसमज इंग्रजांशी झालेल्या मंदसोरच्या तहाविषयीचा आहे. तात्या जोगांनी इंग्रजांशी संधान बांधून होळकरांचे राज्य गमावले, असा त्याचा आशय असतो, आणि तो टिकून राहतो याचे कारण घटनांचा क्रम विसरला जातो, हे आहे. यशवंतराव 1811 मध्ये वारले, तेव्हा गादीवर बसलेले त्यांचे पुत्र मल्हारराव लहान होते आणि कारभार राजप्रतिनिधी तुळसाबाईंकडे होता, तर पगार थकलेल्या पलटणी आणि पठाण सरदार दरबाराला आपल्या मुठीत ठेवीत होते. इंग्रजांशी बोलणी करावी असे तुळसाबाईंच्या मनात असल्याच्या संशयावरून 20 डिसेंबर 1817 रोजी क्षिप्रेच्या काठी त्यांचाच वध करण्यात आला, आणि दुसऱ्याच दिवशी महिदपूरच्या लढाईत सर थॉमस हिस्लॉप आणि सर जॉन माल्कम यांच्या सैन्याने होळकरांचा पराभव केला. म्हणजे तात्या वाटाघाटीला बसले तेव्हा राज्याचा रणांगणावरील निकाल आधीच लागलेला होता, राजा अकरा-बारा वर्षांचा होता आणि त्याच्या नावाने कारभार पाहणाऱ्या तुळसाबाई उरल्या नव्हत्या.

6 जानेवारी 1818 च्या त्या तहात काय गेले आणि काय राहिले, हे नीट पाहिले पाहिजे. सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख, त्यात खानदेशही आला, गेला. उदेपूर, जयपूर, जोधपूर, कोटा, बुंदी या राजपूत संस्थानांवरील खंडणीचे हक्क गेले. पठाण सरदारांपैकी अमीरखानाला इंग्रजांनी आधीच कबूल केलेला प्रदेश होळकरांना मान्य करावा लागला, आणि जावऱ्याचा मुलूख दुसरा पठाण सरदार गफूरखान याच्याकडे राहिला. हा तोटा प्रचंड होता आणि तो सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण नाही. परंतु माळव्यातील गाभा टिकला, आणि महाराजांची मुले, नातलग, प्रजा व नोकर यांच्याशी कंपनी सरकारचा काहीही संबंध राहणार नाही, असे कलमही त्याच तहात आले.

आणखी एका कलमाकडे मराठी वाचकांचे लक्ष क्वचितच जाते. पेशव्यांनी किंवा त्यांच्या वारसांनी होळकरांवर पुन्हा कधीही सार्वभौम हक्क सांगू नये, याची हमी त्यात इंग्रजांनी घेतली. गौतमाबाईंना 1734 मध्ये खासगी जहागीर, म्हणजे राज्याच्या खजिन्यापासून वेगळे असलेले राजस्त्रियांचे उत्पन्न, दिली होती ती पहिल्या बाजीराव पेशव्यांनी, आणि या घराण्याच्या सनदांचा उगम शनिवारवाड्यात होता. चौऱ्याऐंशी वर्षांनंतर तो संबंध कागदावर तुटला, तेव्हा दुसरे बाजीराव अजून इंग्रजी फौजांपुढे पळत होते. जून महिन्यात त्यांनी शरणागती पत्करली तीही त्याच माल्कमपुढे. मराठी राज्यसंघाच्या अंताची तारीख शोधणाऱ्या अभ्यासकांनी पुण्याइतकेच मंदसोरकडेही पाहावयास हरकत नाही.

तह झाला आणि दिवाणाचे काम संपले, असेही मानले जाते, जे वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. थकलेल्या शिबंदीचा, म्हणजे पगारी सैनिकांचा, हिशेब चुकवून तिला रजा देणे, उजाड परगण्यांत शेतकरी पुन्हा वसवणे, इंदुरात नव्याने आलेल्या रेसिडेंटला, म्हणजे कंपनीच्या दरबारातील प्रतिनिधीला, अंतर्गत कारभारापासून दूर ठेवणे, हे सारे त्यानंतरच्या आठ वर्षांत करावे लागले. 1819 मध्येच गादीवर हक्क सांगणारे बंड झाले आणि ते मोडावे लागले. माल्कमने माळव्याविषयी लिहिलेल्या ग्रंथात तात्यांच्या कारभाराची स्तुती आढळते. विजेत्याने केलेली स्तुती सावधपणे वाचावी हे खरे, पण 1826 मध्ये तात्या वारल्यानंतर राज्याचा कारभार ज्या वेगाने विस्कळीत झाला, तो पुरावा माल्कमच्या लेखणीवर अवलंबून नाही.

किबे घराणे इंदुरात प्रतिष्ठित राहिले, म्हणून दिवाणपदही त्यांच्याकडे वंशपरंपरेने चालत आले असावे, हा तर्क मात्र टिकत नाही. तात्यांच्या पश्चात ते पद इतरांच्या हाती गेले. याच घराण्यातील माधवराव विनायक किबे पुढे संस्थानचे उपपंतप्रधान झाले, ते विसाव्या शतकात, आणि मराठी वाचकांना ते अधिक ठाऊक आहेत ते 1926 च्या मुंबई येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून.