अंगण धुताना थोडा विचार



आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात पूर्वी अंगण मातीचे असे. सकाळी खराट्याने झाडले, शेणाचा सडा टाकला, रांगोळी काढली की काम झाले. आता फाटकापासून पोर्चपर्यंत सिमेंट नाहीतर पेव्हर ब्लॉक आले. पावसाळ्यात गाड्यांच्या चाकांना काळ्या मातीचा चिखल लागून येतो, सावलीच्या जागी शेवाळ धरते आणि पोळ्यापर्यंत म्हाताऱ्या माणसांना चालणे कठीण होते. म्हणून काही घरी प्रेशर वॉशर आले आहे. यंत्र चांगले आहे, पण ते समजून घेऊन वापरले पाहिजे.

या यंत्रात मोटरवर पंप चालतो. पंपाचे दट्टे पाण्याला पुढे ढकलतात आणि त्या पाण्याला नोझलच्या बारीक छिद्रातूनच बाहेर पडावे लागते. त्यामुळे दाबाचे रूपांतर वेगात होते. घरगुती यंत्राचा दाब साधारण १०० बार किंवा त्याहून थोडा जास्त असतो. १०० बार म्हणजे नखाएवढ्या, एक चौरस सेंटीमीटर जागेवर सुमारे एक क्विंटलचा भार! जर्मनीच्या केर्चर कंपनीने १९५० मध्ये गरम पाण्याचे असे यंत्र बनवले. घरी वापरण्याजोगे छोटे यंत्र तिने १९८४ मध्ये आणले.

मळ निघतो तो पाण्याच्या वेगाने, जास्त पाण्याने नव्हे. हे यंत्र मिनिटाला सुमारे ६-७ लिटर पाणी घेते. साधा पाइप १५ लिटर सहज सोडतो. म्हणजे अर्ध्या तासात एकाचे २०० लिटर, दुसऱ्याचे ४५० लिटर. पण यंत्र हाती आले म्हणून रोज अंगण धुवायला लागलो तर ही बचत कुठे राहिली? २०२३ मध्ये आपला स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, त्याने जाम नदीचे पाणी काही वाढले नाही.

माझीच चूक सांगतो. घरचे सिमेंट नवीन होते. डाग लवकर निघावा म्हणून मी नोझल अगदी टेकवून धरले. डाग गेला, पण सिमेंटचा वरचा थरही गेला. त्या रेघा आजही पाहुण्यांना दिसतात. म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्या :

१. आधी खराट्याने कोरडे झाडावे. अर्धे काम तिथेच होते.
२. नवीन सिमेंटला निदान महिनाभर प्रेशर लावू नये.
३. पसरट धारेचे नोझल घ्यावे, जमिनीपासून सुमारे एक फूट दूर धरावे व एका जागी थांबू नये.
४. पेव्हर ब्लॉकवर धार तिरपी मारावी, नाहीतर फटींतली रेती निघून ब्लॉक हलू लागतात.
५. शेवाळासाठी ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.
६. प्लग तीन पिनांचा व अर्थिंग पक्के असावे. पायात बूट, डोळ्यांवर चष्मा असावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे यंत्र मुलांच्या हाती देऊ नये. ही धार कातडी भेदून आत शिरते. वरून जखम टाचणीएवढी दिसते, पण आत पाणी आणि घाण गेलेली असते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नये, तत्काळ दवाखान्यात जावे.

विद्यार्थ्यांना एक काम देतो. घरच्या पाइपने १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा आणि अंगण धुवायला किती बादल्या लागतात याचा हिशेब वहीत करून विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा. तो आकडा घरी आईबाबांनाही वाचून दाखवा. मग पावसाळा संपल्यावर एकदा आणि दिवाळीपूर्वी एकदा अंगण धुणे पुष्कळ झाले, हे कुणाला वेगळे सांगावे लागणार नाही. बाकी दिवस आपला खराटा आहेच.

— प्राचार्य