सपत्नीक गुप्तहेर

शेरलॉक होम्स अविवाहित राहिला, आणि पुढें पुष्कळ लेखकांनीं आपल्या गुप्तहेरास संसार वर्ज्यच मानिला. डॅशिएल हॅमेट यानें १९३४ सालच्या ‘द थिन मॅन’ कादंबरींत हा नेम मोडिला. त्याचा निक चार्ल्स धंदा सोडून पत्नी नोरा हिची मालमत्ता सांभाळीत असतो. या दांपत्यावर १९३४ ते १९४७ पर्यंत सहा बोलपट निघाले. त्यांतील चौथा, १९४१ सालचा ‘शॅडो ऑफ द थिन मॅन’, आम्हांस विशेष विचारणीय वाटतो.

कथा सॅन फ्रान्सिस्कोची. घोड्यांच्या शर्यतींत एक धंदेवाईक जॉकी गोळी लागून मेलेला आढळतो. शर्यत मुद्दाम हरल्याचा त्याजवर वहीम होता. तेव्हां हा खूनच, असें सर्वांनीं गृहीत धरिलें. निक मात्र या भानगडींत पडावयास नाखूष. घरीं चिरंजीव त्यास मद्य सोडून दूध प्यावयास लावितात! (त्याचें मद्यप्रेम आमच्या वाचकांस रुचणार नाहीं, हा प्रसंग मात्र रुचेल.) पुढें एका वार्ताहराचा खून होऊन निकचा निरपराध मित्र पकडला जातो, तेव्हां कोठें तो तपास हातीं घेतो.

आणि निष्पन्न काय होतें? जॉकीचा खून झालाच नव्हता. तो निव्वळ अपघात होता! वेदान्त्यांचा रज्जुसर्प तो हाच. वार्ताहराचा खून मात्र खरा. तो करणारा उघडकीस येऊन पिस्तूल उगारतो, तेव्हां पतीच्या रक्षणार्थ नोराच त्याच्यावर झेप घेते.