सासवण्याची सिमेंटची माणसं

मांडव्याच्या धक्क्यावर उतरलेली मुंबईकर मंडळी बहुधा थेट किहीम नाहीतर अलिबाग गाठतात. त्याआधी सासवणे लागतं. तिथे नारळी-पोफळीच्या सावलीतल्या एका घराच्या आवारात म्हैस दिसते. जवळ गेल्यावर कळतं, की ही सिमेंटची आहे.

हे शिल्पकार विनायक पांडुरंग उर्फ नानासाहेब करमरकरांचं घर. १८९१ साली ते याच गावात जन्मले. त्यांनी पोरवयात देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांनी मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. पुढे सुरेंद्रनाथ टागोरांच्या आधाराने कलकत्त्यात स्टुडिओ झाला, मग लंडनला शिक्षण. १९२८ साली पुण्यात महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. इतकं अवाढव्य काम तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडायचं, हा सोपा मार्ग होता. करमरकरांनी माझगावला तो ब्राँझमध्ये एकसंध ओतवून घेतला. नाव झालं ते या पुतळ्याने.

पण मला विचाराल, तर खरे करमरकर घोड्यावर नाहीत, सासवण्यात आहेत. ब्राँझला पैसा लागतो. तो देणाऱ्याच्या मनातला थोर पुरुष घडवावा लागतो. सिमेंट स्वस्त. मातीत आकार घडवायचा, त्यावरून साचा काढायचा, साच्यात सिमेंट भरायचं. कुणाची मागणी नको की समितीची मंजुरी नको. म्हणूनच की काय, इथे कोळीण आहे, कुत्रा आहे, शेजारपाजारची माणसं आहेत. हात लावून पाहण्याचा मोह आवरा, पण कोळणीच्या लुगड्याची चापूनचोपून बसलेली घडी जरूर न्याहाळा. हे आधी मातीत साधायचं आणि साच्यातून सिमेंटमध्ये उतरवायचं म्हणजे खेळ नव्हे! सिमेंट हे गवंड्याचं द्रव्य. त्यातून कातडीचा मऊपणा काढणारा हा माणूस विरळाच. ‘शंखध्वनी’ पाहतानाही फुगलेल्या गालांकडे आधी नजर जाते, शंखाकडे नंतर.

१९६७ साली नानासाहेब गेले. घर मात्र बंद पडलं नाही. घरच्यांनी शिल्पं जपली, दालनं लोकांसाठी उघडली. त्यामुळे ‘करमरकर शिल्पालय’ सरकारी संग्रहालयासारखं वाटत नाही. कुणाच्या तरी ओटीवर आल्यासारखं वाटतं.

पुढच्या खेपेला किहीमला जाताना गाडी इथे थांबवा, आणि आत पाऊल टाकताना चपला बाहेर काढा. घर आहे ते.