जोडीनं सायकल, पण ठराव कुणाचा?

गेल्या महिन्यात जत तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते जमा झाले, ठराव लिहून झाला, आणि एक ताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, एक घरचं विचारायचं होतं." त्यांचे मालक सैन्यातून निवृत्त झालेत, दोन्ही मुलं मार्गाला लागलीत. आता मालकांनी मनावर घेतलंय की दोघांनी सायकलनं नेपाळला जायचं, पार लुंबिनीपर्यंत. बायका खळखळून हसल्या. ताई काही हसल्या नाहीत. "जायला माझी ना नाही, पण त्यांनी मला विचारलं नाही, सांगितलं."

आज त्यावरच बोलू.

नवरा-बायकोनं सायकलवर परदेश पालथा घालणं हे आजकालचं खूळ नव्हे. अमेरिकेची फॅनी बुलक वर्कमन आणि तिचा डॉक्टर नवरा विल्यम १८९७ साली सायकली घेऊन आपल्या देशात आले. त्या वेळी मुंबई-पुण्याकडे प्लेगची साथ होती. त्यांनी या प्रवासावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच १४ हजार मैल आहेत, म्हणजे साधारण साडेबावीस हजार किलोमीटर. बरोबर चहा-साखर, बिस्किटं, एकेक घोंगडी, औषधं आणि पंक्चरचं सामान. एखाद्या दिवशी ४०-४० पंक्चर काढायला लागायची! पुढं ही जोडी हिमालयात मोहिमा काढायला लागली, तेव्हा त्यांनी एक रीत पाडली. एका मोहिमेची सगळी व्यवस्था तिनं बघायची, पुढच्या मोहिमेची त्यानं. मला त्यांच्यातलं हेच आवडतं. बाकी सगळं आवडतं असं नाही. आपल्या हमालांशी ते तोऱ्यात वागत, आणि लेकीला दुसऱ्यांच्या हाती सोपवून वर्षानुवर्षं फिरत राहिले. फॅनीच्या शब्दाला वजन होतं, त्यामागं माहेरच्या इस्टेटीचा पैसाही होता, हे विसरू नका.

आपल्याकडं बघा. ऊसतोडीला येणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. तोडतात दोघं, मोळी तीही उचलते, पण उचल बहुतेक त्याच्या नावावर. कामाला जोडी आणि हिशेबाला एकटा. सायकलच्या प्रवासातही असंच होऊ शकतं: नकाशा त्यांचा, पैसे त्यांच्याकडं, आणि संध्याकाळी स्टोव्ह पेटवायला मात्र आपण.

म्हणून ताईंना मी म्हटलं, आधी कागद बघू. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्ड मात्र १५ ते ६५ वयाच्या माणसाला तिथं चालत नाही, सोनौलीच्या नाक्यावर जाऊन हे कळलं तर पंचाईत. त्यापुढच्या देशांना पासपोर्ट हवाच. साध्या पासपोर्टची फी माणशी १,५०० रुपये, आणि पोलीस चौकशी होते. आपल्या बायकांची खरी अडचण नावाची असते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, मतदार यादीत तिसरंच काहीतरी. ते जुळवायला महिने जातात. ताईंच्या कार्डावर सासऱ्यांचं नाव नवरा म्हणून छापलंय! हे काम आधी हातात घ्यायचं, सायकल नंतर.

मग पैसा. पेन्शन मालकांच्या खात्यात, एटीएम कार्ड त्यांच्या खिशात. वाटेत त्यांनाच ताप भरला तर? तेव्हा ताईंच्या नावाच्या खात्यात परतीचं भाडं आणि थोडे जास्तीचे पैसे वेगळे ठेवायचे, आणि दोघांच्या पिशवीत सगळ्या कागदांच्या झेरॉक्स. आयुष्मान कार्डावर उपचार भारतातल्या ठरलेल्या दवाखान्यांतच होतात, सीमेपलीकडं त्याचा उपयोग नाही. तिकडचा खर्च भरून देणारा प्रवास विमा वेगळा काढायला लागतो.

आणि अंग? ताईंनी सायकल शाळेत असताना चालवलेली. मालकांची जुनी उंच सायकल त्यांच्या गळ्यात मारून चालणार नाही. पाय टेकेल अशी, सीट बाईच्या बेताची असलेली हवी, नाहीतर दोन दिवसांत बसवणार नाही. सामान लादून ताशी १२-१५ किलोमीटर जमले तरी पुष्कळ, म्हणजे दिवसाला ५०-६०. आणि वेग ठरवायचा तो मागं राहणाऱ्यानं. वारीत दिंडीबरोबर चालताना म्हातारीला मागं टाकून कुणी पुढं जात नाही, तसं.

एकटीनं जाणाऱ्याही आहेत बरं का. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत जवळजवळ २९ हजार किलोमीटर सायकल चालवून १४ देश फिरली. स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं, कॅनडात अस्वल मागं लागलं. तिला कुणी 'चल' म्हटलं नव्हतं, जायचं तिनंच ठरवलं होतं. घरच्यांनी पाठीशी राहून मदत केली.

ताईंना मी एक काम दिलं. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहायचं, मला का जायचंय, आणि कुठल्या गोष्टीला मी माघारी फिरेन. लिहून झाल्यावरच एकमेकांना दाखवायचं. परवा त्यांचा फोन आला. मालकांनी लिहिलं होतं, "नोकरीत सगळा देश बघितला, हिला कधी नेलं नाही." ताईंनी लिहिलं होतं, "पुढं कोण जाणार?"

त्यावर दोन दिवस घरात कुणी फारसं बोललं नाही म्हणे. मग दोघं जाऊन ताईंच्या मापाची सायकल घेऊन आले. आता रोज पहाटे सराव चालू आहे. कार्तिकीला पंढरपूर करायचं ठरलंय, वाटेत सांगोल्याला मुक्काम. चढाला मी मागं पडले तर मालक थांबतात का, ते तिथंच कळेल, असं ताई म्हणाल्या. नेपाळचं त्यानंतर ठरवणार आहेत.