नाव कंपाचे, स्वर अढळ!

वाद्यांची बारशी कोण करतो कोण जाणे! पण व्हायब्राफोनचे बारसे करणारा माणूस आपल्या संगीताचा जाणकार खास नसावा. कंप दर्शविणारा लॅटिन शब्द आणि आवाजाचा ग्रीक शब्द यांची सोयरीक जुळवून हे नाव झाले. ते ऐकून आपल्याला वाटावे, की याचा स्वर सतारीच्या मींडेसारखा हेलकावत असेल. प्रत्यक्षात तो जागचा तसूभरही हलत नाही. कमीजास्त होतो तो फक्त त्याचा जोर.

हे कसे घडते ते पाहण्याजोगे आहे. पेटीच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांप्रमाणे दोन ओळींत मांडलेल्या धातूच्या ३७ पट्ट्या, म्हणजे तीन सप्तके. प्रत्येक पट्टीखाली एक नळी. ती स्वराला घुमारा देते. नळीच्या तोंडाशी एक चकती असते आणि या साऱ्या चकत्या विजेच्या मोटारीने फिरतात. चकती आडवी आली की घुमारा दबतो, उभी झाली की मोकळा होतो. आमच्या सिद्धेश्वराच्या तळ्यात दिव्याचे प्रतिबिंब लहानमोठे होते, पण काठावरचा दिवा जागीच असतो, तसाच हा प्रकार. पायाशी एक पेडल. दाबले की स्वर रेंगाळतो, सोडले की मिटतो. वाजवायच्या काड्यांच्या डोक्यांना सूत गुंडाळतात. सुताच्या गावात राहणाऱ्या मला याचे विशेष कौतुक वाटते. घाव पडतो धातूवर, पण त्याची धार काढून घेते ते सूत!

हे वाद्य अमेरिकेत १९२० च्या आसपास जन्मले आणि १९२७ साली शिकागोच्या डीगन कंपनीत त्याला आजचे रूप आले. १९३० मध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रणात लायोनेल हॅम्प्टनने ते वाजवले आणि जॅझवाल्यांनी ते आपलेसे केले. पुढे पाश्चात्त्य अभिजात संगीतातही त्याला मान मिळाला.

आता आपल्याकडे या. ज्या वाद्याला मींड नाही, त्याला आपल्या संगीतात स्थान कसे मिळावे? जलतरंगवाला निदान पाण्याला बोट लावून स्वर किंचित वळवू शकतो. येथे तेवढीही सोय नाही. याच दोषापायी पेटीला १९४० साली रेडिओवरून हद्दपार व्हावे लागले आणि ती बंदी तीस वर्षे टिकली. व्हायब्राफोनवर असा खटला कधी भरला गेला नाही. कारण उघड आहे. गायकाच्या गळ्यामागे धावण्याचा हट्ट त्याने धरलाच नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीताने त्याला दोन ओळींमधली मोकळी जागा दिली. गायक श्वास घेतो तेवढ्यात चार स्वर सांडायचे, ते विरेपर्यंत थांबायचे आणि गाणे पुन्हा गायकाच्या स्वाधीन करायचे. रात्र, एकांत, स्वप्न असे काही सुचवायचे झाले की या चार स्वरांवाचून संगीतकाराचे अडू लागले.

हे वाद्य वाजवणाऱ्यांत मुंबईचे एक पारशी घराणे होते. वडील कावस लॉर्ड, मुलगे केरसी आणि बुजी. केरसी (१९३५–२०१६) यांचा हात तर कितीतरी वाद्यांवर चाले. १९६१ च्या ‘हम दोनों’मध्ये देव आनंदच्या लायटरमधून निघणारी धून आठवते ना? संगीत जयदेव यांचे, पण ती धून वाजवली केरसींनी, ग्लॉकेनस्पीलवर. तेही पट्ट्यांचेच वाद्य, पण पोलादी पट्ट्यांचे आणि फिरत्या चकत्यांवाचूनचे.

ती धून लाखोंच्या तोंडी बसली. वाजवणाऱ्याचे नाव किती जणांना ठाऊक झाले? तबकडीवर गायक, कवी आणि संगीतकार यांची नावे असत. वादकांची सहसा नसत. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने मुंबईच्या वादकांना भेटून त्यांच्या हकिकती २००८ साली ग्रंथरूपाने आणल्या, लॉर्ड कुटुंबावर २०१२ साली एक माहितीपटही निघाला. पण तोवर निम्मे वाद्यवृंद काळाच्या पडद्याआड गेले होते.

दैवगती अशी, की १९७० नंतर हिंदी चित्रपटांत सिंथेसायझर आणणाऱ्यांत स्वतः केरसीच होते. त्या यंत्राच्या वंशजांनी पुढे वादकांच्या खुर्च्या रिकाम्या केल्या. आज आमच्याकडील ऑर्केस्ट्रात व्हायब्राफोन म्हणजे कीबोर्डवरचे एक बटण! आवाज हुबेहूब निघतो, नाही असे नाही. पण पेडलवरून पाय नेमका केव्हा उचलायचा, मोटार किती संथ ठेवायची, हा त्या माणसाचा विवेक बटणात कोठून येणार?

मराठीत आपण ‘साथ’ हा फार गोड शब्द केला आहे. साथ करणाऱ्याचे नाव लक्षात ठेवण्याची रीत मात्र मैफलीपुरतीच ठेवली; चित्रपटाच्या गाण्यांना ती लावलीच नाही. यंदाच्या दिवाळीत फराळ करता करता जुनी गाणी लावाल, तेव्हा ओळ संपल्यावर बोलायला लागू नका. पुढची ओळ सुरू होईपर्यंत थांबा. त्या अवकाशात ज्यांचे हात चालले, त्यांचे देणे निदान कान देऊन तरी फेडता येईल.