घर शाकारणे

रोहिणी नक्षत्र लागले की कोकणातील खेड्यांत घरोघरी भिंतींना शिड्या लागतात. मृगाचा पाऊस पंधरा दिवसांवर आलेला असतो. त्यापूर्वी छपरावरील कौले उतरून, पालापाचोळा झाडून, फुटकी कौले निवडून सारे छप्पर पुन्हा नीट रचावयाचे असते. या कामाला घर शाकारणे असे म्हणतात.

जुन्या घरांवर नळीची कौले असत. त्यांची एक रांग उताणी व दुसरी तिच्यावर पालथी अशी घालतात. ती नुसती ठेवलेली असल्यामुळे वारा, मांजर, माकड, कोणीही ती सरकवू शकते. पुढे मंगलोरी कौले आली. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे त्यांचा कारखाना काढला. या कौलाच्या पाठीवर उंचवटे असतात. ते लाकडी रिपेला अडकतात आणि शेजारच्या कौलांच्या कडा एकमेकींत बसतात. त्यामुळे मंगलोरी कौल सहसा सरकत नाही. पण वरून एखादा नारळ पडला, तर त्याचा काय इलाज?

कौलाला गेलेली चीर लहान दिसते. तिचा हिशेब मात्र लहान नसतो. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की तेथे १ लिटर पाणी जमते. कोकणात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही काही नवलाची गोष्ट नव्हे. आढ्याजवळच्या तळहाताएवढ्या भोकातून अशा दिवशी लिटरभर पाणी आत येईल. तेच भोक खाली वळचणीजवळ असेल, तर वरच्या पाख्यावरून वाहत येणारे पाणीही त्यावरून जाते. २० सेंटिमीटर रुंद व ४ मीटर लांब एवढ्या पट्टीवरून त्या दिवशी सत्तर लिटरांच्या आसपास पाणी उतरते. त्यातले थोडेसे आत आले, तरी घरातील तपेली पुरत नाहीत.

थेंब जेथे पडतो तेथेच छप्पर फुटले आहे, असे समजून पुष्कळांची फसगत होते. फटीतून आलेले पाणी कौलाच्या पोटाला चिकटून खाली सरकते, रिपेवर येते, तेथून वाशावर उतरते आणि वाशाच्या एखाद्या गाठीपाशी अडले म्हणजे टपकते. ठिपका स्वयंपाकघरात आणि फट माजघरावर, असेही घडते. म्हणून जाणता माणूस भर दुपारी माळ्यावर जातो. अंधारात कौलांमधून जेथे उजेडाचे कवडसे दिसतात तेथे तो खडूने खुणा करतो, आणि वाशावरील काळ्या डागाचा माग काढीत वर वर पाहत जातो.

हा काळा डागच घराचा खरा शत्रू. सतत ओल्या राहणाऱ्या लाकडात बुरशी वाढते व लाकूड भुसभुशीत होते. मग वाळवीलाही आयते घर मिळते. वाशाचे भिंतीवर टेकलेले टोक बाहेरून दिसत नाही आणि नेमके तेच आधी कुजते. मातीची भिंत भिजली की तिचे बळ जाते. ओलीबरोबर भिंतीतील क्षार पृष्ठभागावर येतात; पाणी उडून जाते, क्षारांचे खडे गिलाव्याखाली फुगतात आणि पोपडे सुटतात. यालाच लोणा लागणे म्हणतात. गळती न थांबवता, भिंत वाळू न देता नवा गिलावा केला, तर पुढच्या वर्षी तोही गळून पडतो.

शाकारणीस वळचणीपासून आरंभ करून आढ्याकडे जातात; कारण प्रत्येक वरच्या कौलाचे टोक खालच्या कौलावर आले पाहिजे. पाय देण्यासाठी छपरावर फळी टाकतात, नाहीतर जुने फुटके कौल काढताना नवी चार फुटावयाची! आढ्यावरील कोने चुन्यात बसवितात. दोन पाखी आत वळून जेथे मिळतात तेथील पन्हळ विशेष काळजीने साफ करतात. तेथे पाने तुंबली, तर एकही कौल न फुटता घर गळते. ऐन पावसात मात्र कोणी वर चढत नाही. ओल्या कौलावर शेवाळ असते व पाय घसरतो. तेव्हा आतूनच फुटक्या कौलाखाली पत्र्याचा तुकडा किंवा पोफळीची विरी सारून वेळ निभावून नेतात.

काम संपले की शाकारणारा वरूनच पाण्याची घागर मागवितो. एकजण माळ्यावर अंधारात बसतो. वरून आढ्यापासून हळूहळू पाणी ओतले जाते, ते कौलांवरून खळखळत पागोळ्यांनी अंगणात पडते, आणि आतून हाक येते, "कोरडे आहे!"