आत्याकडचा कॅन्सर

वंशावळी वाचायचा नाद फार जणांना नसतो, मला आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात कुलवृत्तांत दिसला की आडनाव कुणाचंही असो, मी तो उचलतो. कोकणातून घाटावर कोण कधी आलं, कुणाला इनाम मिळालं, कुणी दत्तक घेतलं, सगळं त्यात सापडतं. मुलीची शाखा मात्र सासरच्या आडनावाशी संपते. ती किती वर्षं जगली, कशाने गेली, तिच्या लेकींचं काय झालं, याची चौकशी कुलवृत्तांतकार करत नाहीत. स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिक धागा शोधणाऱ्याला नेमकी हीच माहिती लागते.

माझी सगळ्यांत आवडती वंशावळ पॅरिसची आहे. मेंदूतल्या वाचेच्या केंद्राला ज्याचं नाव दिलंय, त्या पॉल ब्रोकाने १८६६ साली अर्बुदांवरच्या आपल्या ग्रंथात ती छापली. १७८८ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या एका बाईपासून ती सुरू होते आणि चार पिढ्या त्या घरातल्या लेकी-नाती कॅन्सरने जाताना दिसतात. हे घराणं ब्रोकाच्या बायकोच्याच माहेरचं, असं मानलं जातं. जाता जाता सांगतो, त्याचा सासरा म्हणजे लुगोल. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीत जे आयोडीनचं द्रावण लावतात, ते याच लुगोलच्या नावाचं. तर जावयाने सासुरवाडीची दुखणी नीट मांडून ठेवली आणि प्रश्न उभा केला. उत्तर यायला सव्वाशे वर्षं लागली.

ते दिलं मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन बाईंनी. मूळच्या गणिताच्या. माणूस आणि चिंपांझी यांची प्रथिनं जवळपास ९९ टक्के सारखी असल्याचं १९७५ मध्ये ॲलन विल्सन यांच्याबरोबर त्यांनीच दाखवलं होतं. अर्जेंटिनात लष्करी राजवटीने पळवलेली नातवंडं आज्यांना परत मिळावीत म्हणून पुढे त्यांनी आनुवंशिकशास्त्र कामाला लावलं. तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या मागे त्या १९७४ पासून लागल्या. इतक्या गुंतागुंतीच्या रोगामागे एखादंच जनुक असेल, हे तेव्हा बहुतेकांना पटत नव्हतं. किंगबाईंनी आधी गणित मांडलं. १९८८ मध्ये १,५७९ कुटुंबांची माहिती तपासून त्यांच्या गटाने दाखवलं की यांतल्या साधारण ४ टक्के कुटुंबांत तरी एक जोरकस जनुक पिढ्यान्‌पिढ्या उतरत असावं.

त्यांनीच सांगितलेला १९८१ मधला एक किस्सा मला मोह पाडतो. नवरा सोडून गेलेला, घरात चोरी झालेली आणि वॉशिंग्टनला संशोधनाच्या अनुदानासाठी मुलाखत. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर सोबत परतीला निघालेली आई आणि चिमुकली एमिली. रांग भलीमोठी. आईला विमानात बसवायचं, आपलं तिकीट काढायचं, तर पोरीला कुणाकडे ठेवायचं? मागे उभे असलेले गृहस्थ म्हणाले, मी बघतो तिच्याकडे. ते होते जो डिमॅजिओ, अमेरिकी बेसबॉलचं दैवत आणि मेरिलिन मन्रोचे एकेकाळचे पती! विमान मिळालं, मुलाखत झाली, अनुदानही मिळालं.

ऑक्टोबर १९९० मध्ये सिनसिनाटीच्या परिषदेत किंगबाईंनी जाहीर केलं : जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे. हाताशी २३ कुटुंबं होती, स्तनाच्या कॅन्सरचे १४६ रुग्ण असलेली. सगळी एकत्र पाहिली तर चित्र धूसर. रोग कोणत्या वयात झाला त्यानुसार कुटुंबं ओळीने लावली आणि धागा हाती आला. तरुणपणी रोग झालेल्या पहिल्या सात कुटुंबांत तो स्वच्छ दिसत होता. म्हणून वंशावळीत रोगाचं वय हवंच, हा माझा आग्रह.

बाकीचं शास्त्र थोडक्यात उरकतो. बीआरसीए-१, म्हणजे बोलीतलं 'ब्राका वन', प्रत्यक्ष हाती आलं १९९४ मध्ये. १३ व्या गुणसूत्रावरचं बीआरसीए-२ १९९५ मध्ये. डीएनएचे दोन्ही पदर तुटले की ते बिनचूक जोडायला ही जनुकं मदत करतात. त्यांत जन्मजात बिघाड असेल तर बाईला ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कॅन्सरची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. अंडाशयाच्या कॅन्सरची बीआरसीए-१ मध्ये सुमारे ४४ आणि बीआरसीए-२ मध्ये १७ टक्के. स्तनाच्या एकूण कॅन्सरपैकी आनुवंशिक फक्त ५ ते १० टक्के. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याकडे बिघाड जाण्याची शक्यता निम्मी. आणि तो वडिलांकडूनही येतो.

या शेवटच्या वाक्यासाठी तर हा लेख. मुंबईतल्या एका रुग्णालयात कॅन्सर जेनेटिक्सची ओपीडी पाहायला मिळाली. चाळिशीच्या आतली एक रुग्ण वडिलांबरोबर आली होती. घरात कुणाला? कुणालाच नाही. आई, आजी, मावश्या ठणठणीत. समुपदेशक मॅडम कागदावर बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन काढत होत्या. "आत्या किती?" वडील म्हणाले, "दोन. थोरली ताई गेली. पोटात पाणी झालं होतं." "वय?" "पन्नाशीसुद्धा नव्हती." मॅडमनी त्या गोलावर तिरकी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं : अंडाशय? पोटात पाणी होण्याची कारणं बरीच असतात, पण हा प्रश्न विचारायलाच हवा होता. निरोगी बापाच्या चौकोनातून बिघाड गुपचूप पुढे सरकतो. किंगबाईंच्या गटाने २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या अश्केनाझी ज्यू स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा बिघाड सापडलेल्या जवळपास निम्म्या कुटुंबांत कॅन्सरचा फारसा इतिहासच नव्हता. घरं लहान, बायका कमी, बिघाड बापाकडून आलेला.

२०१३ मध्ये अभिनेत्री अँजेलिना जोलीने या बिघाडामुळे करून घेतलेल्या आपल्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिलं आणि बीआरसीएची चाचणी घराघरांत पोचली. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक जनुकावर पेटंट मिळत नाही असा निकाल दिला. दोन्ही चांगल्याच गोष्टी. पण समुपदेशनाशिवाय केलेली चाचणी मला पटत नाही. 'अर्थ अनिश्चित' असा शेरा घेऊन आलेला रिपोर्ट माणसाची झोप उडवतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीची चाचणी करावी, असं किंगबाई २०१४ पासून म्हणताहेत. आपल्याकडे तो दिवस येईल तेव्हा येवो. वंशावळीला मात्र पैसे पडत नाहीत.

तेव्हा या भाऊबीजेला आत्या आली की फराळानंतर कागद-पेन घेऊन बसा. तीन पिढ्या मांडा, आईकडच्या आणि वडिलांकडच्याही. कुणाला कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी, एवढंच लिहा. पन्नाशीच्या आत स्तनाचा, कुठल्याही वयात अंडाशयाचा, किंवा पुरुषाला स्तनाचा कॅन्सर आढळला, तर तो कागद घेऊन कॅन्सर जेनेटिक्सच्या तज्ज्ञांना भेटा. चाचणी शक्यतो आधी कॅन्सर झालेल्या नातलगाची करतात, म्हणून त्यांनाही सोबत न्या.